अर्थशास्त्र आणि उद्योजकता शिकवणाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण : पहिल्या वर्षाचे ५० तास

पुण्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या फोनवर पहिल्या महिन्यातच वेबिनारच्या लिंका जमू लागतात. दोन तासांचे सत्र, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म, फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. वर्षअखेर फाईल जाड होते आणि बारावीच्या वर्गात मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते) मात्र गेल्या वर्षीसारखीच शिकवली जाते. हे टाळायचे असेल तर क्रम उलटा करावा लागतो. आधी आपला अडलेला धडा ठरवायचा, मग त्यासाठी अभ्यासक्रम शोधायचा, आणि शिकलेले वर्गात एकदा तरी वापरल्याशिवाय तो अभ्यासक्रम पूर्ण झाला असे मानायचे नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीनुसार, अशी अपेक्षा आहे. आकडा मोठा वाटतो, पण आठवड्याला तो एक तासही होत नाही. नवख्या शिक्षकाने त्याची विभागणी साधारण अशी करावी: एका मोठ्या अभ्यासक्रमाला २४ तास, आकडेवारी हाताळायला शिकण्यासाठी ८, वर्गात उतरवण्याच्या तयारीला १२ आणि सहकाऱ्यांशी चर्चेला ६. यातले प्रमाणपत्राचे तास आणि स्वतःच्या तयारीचे तास नोंदवहीत पहिल्या दिवसापासून वेगळे लिहा. कार्यालय सहसा फक्त पहिल्या प्रकारचे तास मोजते. दोन्ही एकत्र लिहिले की वर्षाच्या शेवटी हिशेब जुळत नाही.

धडा आधी, लिंक नंतर

घटक चाचणीच्या ३० उत्तरपत्रिका घ्या आणि चुकांचे तीन रकाने करा: संकल्पना, आकृती, आकडेमोड. दीड तासात हे काम होते. बारावीच्या पुस्तकात उपयोगिता विश्लेषणापासून विदेशी व्यापारापर्यंत बरेच काही आहे, पण चुका सगळीकडे सारख्या नसतात. त्या बहुधा मागणीचे विश्लेषण, लवचिकता, निर्देशांक आणि राष्ट्रीय उत्पन्न यांत साचतात.

एक चूक तर हमखास सापडेल. मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांची अदलाबदल. किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर वरखाली सरकतो, तो विस्तार किंवा संकोच. उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली की अख्खा वक्र सरकतो, ती वृद्धी किंवा ऱ्हास. बोलीभाषेत ‘मागणी वाढली’ हे एकच वाक्य दोन्हींसाठी चालते, म्हणून मूल गोंधळते. इंग्रजीतले व्याख्यान ऐकून घाईत मराठी टिपणे काढणारा शिक्षकही इथेच गोंधळतो. तेव्हा अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर २५-३० संज्ञांची यादी करा. एका बाजूला इंग्रजी संज्ञा देवनागरीत, दुसऱ्या बाजूला बालभारतीच्या पुस्तकातला शब्द. एकाच संकल्पनेला कुठे ‘संधी खर्च’ म्हणतात, कुठे ‘वैकल्पिक खर्च’. शंका आली तर भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश पाहा, पण वर्गात पुस्तकातलाच शब्द ठेवा, कारण मूल परीक्षेत तोच वाचणार आहे.

आता तीन रकान्यांकडे पाहा. आकडेमोडीच्या चुका जास्त असतील तर तुम्हाला अध्यापनशास्त्राचा नव्हे, संख्याशास्त्र आणि स्प्रेडशीटचा अभ्यासक्रम हवा. संकल्पनेच्या चुका जास्त असतील तर वर्गात करायचे प्रयोग शिकवणारा. आकृतीच्या चुकांसाठी जिओजेब्रासारखे मोफत साधन शिकायला एक शनिवार पुरतो, त्यासाठी आठ आठवडे घालवू नका.

कुठे शोधायचे

दीक्षा हे केंद्र सरकारचे २०१७ पासूनचे व्यासपीठ. २०१९ मध्ये सुरू झालेले निष्ठा प्रशिक्षण २०२० पासून त्यावर ऑनलाइन आले. मूल्यमापन, समावेशक वर्ग, कला-एकात्मिक अध्ययन यांसारख्या सामान्य विषयांसाठी ते उपयोगी आहे, अर्थशास्त्राच्या आशयासाठी फारसे नाही. निष्ठाच्या प्रमाणपत्रासाठी शेवटच्या चाचणीत ७० टक्के गुण लागतात. प्रोफाइलमधले नाव सेवापुस्तकातल्या नावाशी अक्षरशः जुळते ना, हे पहिल्याच दिवशी तपासा. वडिलांचे किंवा पतीचे नाव एका ठिकाणी असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण आहे, आणि प्रमाणपत्र तयार झाल्यावर ती सोडवणे जिकिरीचे होते.

राज्याचे प्रशिक्षण कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतून चालते. त्याची परिपत्रके मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांमार्फत येतात. वरिष्ठ वेतनश्रेणीचे (१२ वर्षांनंतर) आणि निवडश्रेणीचे (२४ वर्षांनंतर) प्रशिक्षण वेगळे असते. नव्या शिक्षकाने आत्ता त्याची काळजी करू नये, आणि आज मिळवलेली प्रमाणपत्रे तिथे आपोआप धरली जातील असेही समजू नये.

आशयासाठी मुख्य आधार स्वयम्, म्हणजे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावरचा प्रत्येक अभ्यासक्रम चार भागांचा असतो: चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चामंच. सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, उद्योजकता, वित्त यांवरचे अनेक अभ्यासक्रम इथे आहेत. त्यांपैकी एनपीटेलचे (आयआयटींच्या पुढाकाराने चालणाऱ्या अभ्यासक्रमांचे) नियम नीट समजून घ्या, कारण ते न वाचल्यामुळे पुष्कळ जणांचे प्रमाणपत्र हुकते. नावनोंदणी मोफत असते, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, तिचे शुल्क वेगळे आणि मुदतही वेगळी. अभ्यासक्रमाला नाव घातले म्हणजे परीक्षेलाही घातले, या समजात मुदत निघून जाते. स्वाध्यायांना २५ गुण आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात, दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा स्वाध्याय धरतात, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ. म्हणजे गणपतीच्या आठवड्यात एखादा राहिला तरी बिघडत नाही, मात्र सलग तीन राहिले की गाडी मागे पडते.

वित्तसाक्षरतेसाठी राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र (रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि निवृत्तिवेतन नियामक यांनी मिळून उभारलेले) शिक्षकांसाठी कार्यक्रम घेते. सेबीच्या वतीने राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था गुंतवणूकदारांसाठी मोफत ऑनलाइन प्रमाणपत्र परीक्षा घेते. नाणे बाजार आणि भांडवल बाजार हा धडा शिकवण्यापूर्वी ती प्रत्येक शिक्षकाने द्यावी. वेळ थोडा लागतो आणि डीमॅट, निबंधक, ट्रेझरी बिल या शब्दांमागचा व्यवहार एकदाचा स्पष्ट होतो. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्यांची वाट निराळी. त्यांच्यासाठी २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम आहे आणि पदोन्नतीचे नियम त्याला जोडलेले आहेत.

परदेशी संस्थांचे वेबिनारही चांगले असतात. अमेरिकेतली कौन्सिल फॉर इकॉनॉमिक एज्युकेशन ही १९४९ पासूनची संस्था शिक्षकांसाठी नियमित सत्रे घेते. पण न्यूयॉर्कची संध्याकाळची सात वाजताची वेळ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. ध्वनिचित्रमुद्रण मिळणार असेल तरच नाव नोंदवा. तिथली निवृत्तिखात्याची किंवा विद्यार्थिकर्जाची उदाहरणे सोडून द्या आणि खेळाची रचना तेवढी घ्या.

फी मागणाऱ्या अनोळखी संस्थेच्या ‘आंतरराष्ट्रीय’ प्रमाणपत्रापासून दूर राहा. साधी परीक्षा अशी: अभ्यासक्रमात तुमचे एकही उत्तर कोणी तपासत नसेल, तर त्या प्रमाणपत्राने फक्त तुमची उपस्थिती सिद्ध होते.

साहित्य शिळे आहे का?

अर्थशास्त्राचा आशय लवकर जुना होतो. ध्वनिमुद्रित अभ्यासक्रमाची तारीख पाहा आणि तीन गोष्टी तपासा. पहिली, सूक्ष्म उद्योगाची व्याख्या. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरतात. जुन्या चित्रफितींत १ कोटी आणि ५ कोटी हे २०२० चे आकडे असतात. दुसरी, वस्तू व सेवा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत निघाले आणि बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. चार टप्प्यांचा तक्ता दाखवणारे व्याख्यान त्यापूर्वीचे समजा. तिसरी, रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो. २०२५ च्या सुरुवातीला तो ६.५० टक्के होता आणि त्याच वर्षात चार कपातींनी ५.२५ टक्क्यांवर आला.

जुने असले म्हणून व्याख्यान टाकाऊ ठरत नाही. संकल्पना तीच राहते. पण स्लाइड जशीच्या तशी वर्गात दाखवायची नाही, आकडे बदलून घ्यायचे. साधनांचेही तसेच. २०२० ते २०२२ मधल्या कितीतरी प्रशिक्षणांत गूगल जॅमबोर्डवर काम करायला शिकवले आहे आणि ते साधन २०२४ च्या अखेरीस बंद झाले.

पुण्याच्या दिनदर्शिकेत कुठे बसवायचे

मोठा अभ्यासक्रम जुलै ते ऑक्टोबर या सत्रात घ्या. जानेवारी ते एप्रिलचे सत्र कागदावर सोयीचे दिसते, पण त्यात सराव परीक्षा, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा, फेब्रुवारी-मार्चमधली बोर्डाची परीक्षा आणि मग उत्तरपत्रिका तपासणी असे सगळे एकामागोमाग येते. नवखा शिक्षक तिथे हमखास अर्ध्यावर सोडतो. जुलैच्या सत्रातही गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि सहामाही परीक्षेचा आठवडा आधीच कोरा ठेवा. दिवाळीची सुट्टी आकडेवारीच्या ८ तासांसाठी उत्तम.

रोज अर्धा तास असे वेळापत्रक टिकत नाही. आठवड्यात दोन वेळा सव्वा-सव्वा तास ठरवा. चित्रफीत वेग वाढवून ऐकली तर चालते, पण दर दहा मिनिटांनी थांबून एक ओळ लिहा: ‘हे कोणत्या धड्यात, कोणत्या तासिकेत वापरेन?’ ओळ सुचत नसेल तर तो भाग आपल्यासाठी नाही, पुढे जा.

वर्गात उतरवण्याचा एक पूर्ण नमुना: बाजाराचा खेळ

निम्मी मुले ग्राहक आणि निम्मी विक्रेते होऊन सौदे करतात, असा हा खेळ अर्थशास्त्र शिकवण्याच्या जवळपास प्रत्येक चांगल्या प्रशिक्षणात कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतो. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी १९४८ मध्ये हार्वर्डच्या वर्गातल्या अशा प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. विद्यार्थी खोलीभर फिरून दोघा-दोघांत सौदा करायचे आणि भाव समतोलाच्या (मागणी आणि पुरवठा सारखे होतात त्या भावाच्या) आसपास स्थिरावत नसे. व्हर्नन स्मिथ यांनी दोन बदल केले. बोली सर्वांना ऐकू जाईल अशी जाहीर ठेवली आणि किमतीच्या त्याच चिठ्ठ्यांवर खेळ पुन्हा पुन्हा घेतला. भाव समतोलाकडे सरकू लागला. ते काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शिक्षकासाठी यातला धडा सरळ आहे: भाव फळ्यावर लिहिला नाही आणि एकच फेरी घेतली, तर खेळ फसणार.

एका संचात १६ चिठ्ठ्या लागतात. आठ ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर जास्तीत जास्त देता येईल ती रक्कम: १००, ९०, ८०, ७०, ६०, ५०, ४०, ३० रुपये. आठ विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर उत्पादन खर्च: २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८०, ९० रुपये. प्रत्येकाने एकच नग घ्यायचा किंवा विकायचा. ग्राहकाचा फायदा म्हणजे चिठ्ठीवरची रक्कम वजा भाव, विक्रेत्याचा फायदा म्हणजे भाव वजा खर्च. ५० मुलांच्या वर्गात प्रत्येक चिठ्ठी तीनदा लिहा, उरलेल्या दोघांना नोंदणीस (भाव टिपणारे) करा. एक फेरी चार मिनिटांची, अशा तीन फेऱ्या. सौदा झाला की जोडीने पुढे येऊन भाव सांगायचा आणि नोंदणीसाने तो लगेच फळ्यावर मांडायचा.

या चिठ्ठ्यांचा समतोल भाव ६० रुपये आहे. प्रत्येक संचात चार सौदे फायद्याचे होतात, तर पाचव्यात दोघांनाही काहीच उरत नाही, तो झाला किंवा न झाला तरी चालतो. पहिल्या फेरीत भाव ४० ते ८० असे विखुरतात, तिसरीपर्यंत ६० च्या जवळ येऊ लागतात. आणि कोणालाही दुसऱ्याची चिठ्ठी दिसलेली नसते! मुलांना हे आकृती काढण्यापूर्वी अनुभवू द्या. आकृती मग त्यांच्याच आकड्यांची काढा.

चौथ्या फेरीत प्रत्येक विक्रेत्यावर नगामागे १० रुपये कर लावा. आता संचामागे चारच सौदे होतात आणि भाव ६० ते ७० च्या दरम्यान बसतो. ‘कर लागला की व्यापारी तो सगळा गिऱ्हाइकावर ढकलतो’ असे म्हणणाऱ्या मुलांना फळ्यावरचे आकडे मोजायला लावा. सरासरी भाव ६५ च्या आसपास आला असेल तर कराचा निम्मा भार विक्रेत्याने सोसला. पुढच्या तासाला लवचिकता शिकवताना हा प्रश्न आपोआप पुढे येतो: भार निम्मा-निम्माच का?

काय बिघडते? मुले चिठ्ठी एकमेकांना दाखवतात, म्हणून घडी घालून स्टेपल करा. काही जण ‘सौदा तर झाला’ या आनंदात तोट्यात विकतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा फायदा लिहायला लावा आणि तोटा झाला तर तो वजा चिन्हाने लिहायला सांगा. सर्वांत मोठी चूक शिक्षकाची असते. तो उत्साहाच्या भरात ‘बघा हं, भाव साठला येणार’ असे आधीच सांगून टाकतो आणि मग मुले बाजार न करता सरांना हवे ते उत्तर देतात.

वर्गात नेण्यापूर्वी सहकाऱ्यांच्या गटात ऑनलाइन रंगीत तालीम घ्या. तिथे चिठ्ठी प्रत्येकाला खासगी संदेशाने पाठवायची आणि बोली फक्त चॅटमध्ये लिहायची, नाहीतर सगळे एकदम बोलतात. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत तुटते, तेव्हा तीन फेऱ्या आणि चर्चा त्यात बसवा. गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांसाठी मोफत मर्यादा ६० मिनिटांची आहे.

उद्योजकता: कल्पनेवर थांबू नका

उद्योजकतेची बहुतेक ऑनलाइन प्रशिक्षणे कल्पना सुचवणे आणि ती पाच मिनिटांत मांडणे एवढ्यावर फार वेळ घालवतात. मुलांना ते आवडते, शिक्षकालाही आवडते. पण अकरावी-बारावीतल्या मुलाचा पहिला प्रयोग बुडतो तो हिशेबात. म्हणून निवडलेल्या अभ्यासक्रमात खर्चाचा हिशेब, रोख प्रवाह आणि नोंदणी हे तीन घटक आहेत की नाही ते पाहा. नसतील तर दुसरा शोधा.

दिवाळीच्या आधी वर्गात करण्यासारखे एक उदाहरण. आकाशकंदील बनवून विकायचा. कागद, काड्या, दोरा मिळून नगामागे ६० रुपये, विक्री १५० ला. टेबलाचे भाडे आणि ने-आण मिळून १,८०० रुपये ठरीव खर्च. नगामागे ९० रुपये सुटतात, म्हणजे २० कंदील विकले की ना नफा ना तोटा. मुले इथे थांबतात आणि खूश होतात. आता विचारा: एक कंदील बनवायला किती वेळ लागतो? ४० मिनिटे. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर नगामागे ४० रुपये आणखी गेले. सुटणारे ९० वरून ५० वर आले आणि समविच्छेद बिंदू २० वरून ३६ वर गेला. ३६ कंदील म्हणजे २४ तासांचे काम. स्वतःचे श्रम फुकट धरण्याची ही सवय घरगुती उद्योगांतही खोल रुजलेली असते, आणि या एका तक्त्याने ती दिसते तशी भाषणाने दिसत नाही.

नोंदणीबाबत शिक्षकाला स्वतःला खात्रीची माहिती हवी. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे आणि स्वयंघोषणेवर होते. पैसे मागणारी दिसायला सारखी संकेतस्थळे फसवी किंवा दलालांची असतात. मुद्रा कर्जाच्या पायऱ्या म्हणजे शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत आणि २०२४ पासून तरुण प्लस २० लाखांपर्यंत. राज्यात महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षणे घेते. पुण्यातले प्रकरण कागदोपत्री कसे पुढे सरकते हे जिल्हा उद्योग केंद्रात समजते, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना अर्ध्या तासासाठी ऑनलाइन वर्गात बोलावणे हा फार चांगला उपयोग आहे. भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या लघुउद्योजकालाही बोलवा, पण प्रश्न आधी पाठवा: पहिले गिऱ्हाईक कसे मिळाले, पैसे किती दिवसांनी हातात आले, कोणता माल अंगावर पडला. प्रश्न नसतील तर गप्पा यशोगाथेकडे वळतात.

आकडेवारीचे आठ तास

रिझर्व्ह बँकेचे आकडेवारीचे संकेतस्थळ, सांख्यिकी मंत्रालयाचे २०२४ मध्ये सुरू झालेले ई-सांख्यिकी आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची मराठीतही निघणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, ही तीन ठिकाणे पुरेशी आहेत. ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास जाहीर होतो. त्या दिवशीची तासिका त्यासाठी राखून ठेवा. दोन सापळे ध्यानात ठेवा. महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे, त्या फक्त कमी वेगाने वाढल्या. आणि वेगवेगळ्या पायाभूत वर्षांच्या (ज्या वर्षाशी तुलना करतात त्या वर्षांच्या) मालिका एका आलेखात जोडायच्या नाहीत. २००४-०५ च्या पायावरचे राष्ट्रीय उत्पन्न आणि २०११-१२ च्या पायावरचे यांत दिसणारी उडी वाढीची नसते, मोजपट्टी बदलल्याची असते.

निर्देशांकासाठी मुलांनी मंडईतून आणलेले भाव वापरा. हे आकडे सरावापुरते. पायाभूत वर्षी कांदा २० रुपये आणि ४ किलो, बटाटा २५ आणि ३, टोमॅटो ३० आणि २. चालू वर्षी भाव अनुक्रमे ३०, २५, २४ आणि खरेदी तिन्हींची ३ किलो. लास्पेअरच्या पद्धतीने (पायाभूत वर्षाची खरेदी धरून) २४३ भागिले २१५, म्हणजे ११३.०२. पाशेच्या पद्धतीने (चालू वर्षाची खरेदी धरून) २३७ भागिले २२५, म्हणजे १०५.३३. तोच बाजार, तेच भाव, आणि आकडे दोन. घराने महागलेला कांदा कमी घेतला आणि स्वस्त झालेला टोमॅटो जास्त घेतला, हे पाशेच्या आकड्यात उतरते, लास्पेअरच्या नाही. स्प्रेडशीटमध्ये समप्रॉडक्ट (गुणाकारांची बेरीज करणारे) हे एक सूत्र आले की पुढच्या वर्षी फक्त भाव बदलायचे.

भाव गोळा करताना गुलटेकडीच्या मार्केट यार्डाची आकडेवारी हाताशी आहेच. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. ते क्विंटलमागे असतात हे विसरून मुले किलोशी तुलना करतात, म्हणून आधी शंभराने भागून घ्या. दसऱ्याच्या आधी आणि नंतरचे झेंडूचे आठ दिवसांचे दर व आवक एका आलेखात मांडली, तर नाशवंत मालाचा पुरवठा त्या दिवशी अलवचीक (भाव बदलला तरी फारसा न बदलणारा) का असतो, ते वेगळे समजावावे लागत नाही. वर्षाच्या २० गुणांच्या प्रकल्पासाठी यातून विषयही निघतात.

वाचनासाठी गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह आहे, आणि मराठीत मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ नियतकालिक. सत्र चालू असताना यांच्यासाठी वेळ होत नाही, मे महिन्यात होतो.

गट आणि नोंद

एकट्याने घेतलेला ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटण्याची शक्यता फार. वेगवेगळ्या महाविद्यालयांतले चार-पाच शिक्षक मिळून गट करा. पंधरा असतील तर बोलणारे तिघेच राहतात. महिन्यातून एकदा ४० मिनिटे. एकाने आपण वर्गात केलेला प्रयोग सांगायचा, फसलेला असेल तर आधी तोच. इतरांनी एकच प्रश्न विचारायचा: मुलांनी नेमके काय लिहिले? त्यासाठी सांगणाऱ्याने मुलांच्या दोन-तीन उत्तरांची छायाचित्रे नावे झाकून आणावीत. मुलांचे चेहरे दिसणारे ध्वनिचित्रमुद्रण गटात टाकू नका. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

सामायिक प्रश्नपेढी करणार असाल तर सगळ्यांनी युनिकोडमध्येच टंकलेखन करावे. जुन्या फाँटमध्ये केलेले प्रश्न गूगल फॉर्ममध्ये चिकटवले की निरर्थक अक्षरे उमटतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते.

नोंदवहीत प्रत्येक अभ्यासक्रमासाठी एक ओळ: तारखा, तास, प्रमाणपत्र क्रमांक, कोणत्या धड्यात वापरले, काय बदलायला हवे. प्रमाणपत्र मिळाले त्याच दिवशी डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा.

जानेवारीत सराव परीक्षा झाली की पुन्हा ३० उत्तरपत्रिका घ्या आणि त्याच तीन रकान्यांत चुका मोजा. जुलैतल्या आकड्यांशेजारी हे आकडे लिहा. ज्या रकान्यात फरक पडलेला नाही, पुढच्या जुलैचा अभ्यासक्रम त्या रकान्यासाठी निवडा.